गामला : उजाड कड्याची साक्ष

गालील सरोवराच्या ईशान्येस, गोलान पठाराच्या कुशीत, उंटाच्या पाठीसारखा वर आलेला एक कडा आहे. हिब्रू भाषेत 'गमल' म्हणजे उंट. त्यावरूनच या वस्तीला गामला हे नाव पडले. इ.स. ६७ मध्ये व्हेस्पाशियनच्या रोमन सेनेने ती जिंकली. त्यानंतर तेथे पुन्हा कोणी राहिले नाही, आणि या उजाडपणानेच तिला जपले.

१९६८ साली हे स्थान ओळखले गेले. १९७६ ते १९८९ या काळात श्मार्या गुटमन यांनी तेथे उत्खनन केले. उतारावर एकावर एक रचलेली घरे, तेलाचे घाणे, शुद्धिस्नानाचे कुंड आणि तटाला लागूनच एक प्रार्थनागृह सापडले. जेरुसलेमचे मंदिर उभे असतानाच्या काळातील अशी प्रार्थनागृहे फार थोडी ठाऊक आहेत. तटाला पडलेले खिंडार, यंत्रांनी फेकलेले सुमारे दोन हजार दगडी गोळे आणि सोळाशेच्या आसपास बाणांची टोके पाहिल्यावर, येथे लढाई झाली की नाही हा वाद उरत नाही.

या लढाईचा वृत्तान्त लिहिणारा जोसेफस हा मात्र विचित्र साक्षीदार. गामलाची तटबंदी आपणच मजबूत केली, असे तो सांगतो; पण वेढा पडण्यापूर्वीच तो रोमनांच्या हाती लागला होता आणि पुढे त्यांच्याच आश्रयाने त्याने इतिहास लिहिला. चार हजार कापले गेले, पाच हजारांनी दरीत उड्या घेतल्या, केवळ दोन स्त्रिया वाचल्या, असे त्याचे आकडे. उत्खननात मानवी अवशेष म्हणून मिळाले ते जबड्याचे एक हाड! सामूहिक आत्मबलिदानाची कथा त्यामुळे खोटी ठरत नाही, पण सिद्धही होत नाही. 'गामला पुन्हा पडणार नाही' ही घोषणा गोलानमधील वसाहतकारांनी उचलली, तेव्हा हा फरक मागे पडला. मसादाच्या बाबतीतही तेच घडले. तटाच्या खिंडारापाशी विखुरलेली बाणांची टोके एवढा पुरावा पुरेसा बोलका असताना आकड्यांना चिकटून राहण्याची गरज काय?

येथे सापडलेली काही ओबडधोबड कांस्य नाणी याहून अधिक सांगतात. ती बहुधा वेढ्याच्या धामधुमीतच पाडली गेली असावीत. अक्षरे वेडीवाकडी आहेत; पण त्यांवर गामलाचे नाव नाही. मजकूर आहे तो पवित्र जेरुसलेमच्या मुक्तीचा.