गुळाची पोळी चालेल ना?

सण जवळ आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, साखरेची नाही, गुळाची पोळी आहे. चालेल ना?" विचारणारा मधुमेही उत्तर मनाशी ठरवूनच आलेला असतो. साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे औषध, ही आपल्याकडची पक्की समजूत. प्रत्यक्षात 100 ग्रॅम साखरेत सुमारे 400 उष्मांक असतात, तर तेवढ्याच गुळात 380 च्या आसपास. गुळात थोडे लोह आहे हे खरे, पण रक्तातली साखर वाढविण्यात तो मागे नाही.

घरच्या पुरणपोळीचा हिशेब मांडू. मध्यम आकाराच्या पोळीत 30 ग्रॅम कच्ची हरभरा डाळ, तेवढाच गूळ, 25 ग्रॅम कणीक आणि वर चमचाभर तूप धरले, तर सुमारे 350 उष्मांक होतात. पिष्टमय पदार्थ व साखर मिळून 60 ग्रॅम, म्हणजे तीन फुलक्यांइतके. आणि आमच्या मराठवाड्यात एका पोळीवर उठतो कोण? गुळवणी, भजी, कुरडई वेगळीच. पोळ्याच्या सणाला बैलाला फार पुरणपोळ्या चारू नका, पोट बिघडते, असे पशुवैद्य सांगतात. बैलाच्या बाबतीत ते ऐकले जाते.

तरी पोळी बंद करा, असे मी म्हणणार नाही. घरी करा, म्हणजे माप आपल्या हाती राहते. डाळ बोटाने चेपेल इतकी मऊ शिजवावी, कारण गूळ पडल्यावर ती शिजत नाही. कट निथळून आमटीला ठेवावा. गूळ डाळीच्या पाऊणपट पुरे. वेलची, जायफळ, सुंठ असली की कमी गोडी जाणवत नाही. उलथणे उभे राहीपर्यंत पुरण आटवावे आणि गरम असतानाच यंत्रातून काढावे. कणीक सैल भिजवून चांगली मुरू दिली तर मैद्याची गरज पडत नाही. मधुमेह आटोक्यात असलेल्याने एक लहान पोळी घ्यावी आणि त्या जेवणात भात सोडावा.

मला खरी काळजी वाटते ती नैवेद्याच्या वेळेची. महालक्ष्म्यांच्या दिवशी घरची बाई सकाळी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेते, आणि दुपारी दोनपर्यंत चुलीपुढे उपाशी उभी राहते. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. घरचे म्हणतात, दमली असेल. ही दमणूक नसते, रक्तातली साखर घसरलेली असते आणि ती जिवावर बेतू शकते. देवाआधी चार घास खाल्ल्याने सोवळे मोडते असे ज्यांना वाटते, त्यांनी निदान नैवेद्य लवकर दाखवावा आणि त्या दिवशी औषध केव्हा व किती घ्यायचे ते आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

अशा वेळी पोळी भरवू नये. डाळ आणि तुपामुळे तिची साखर रक्तात उशिरा उतरते. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि बरे वाटताच जेवायला बसवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता, कुशीवर निजवून थेट रुग्णालयात न्यावे. पंगत नंतर बसेल.