स्थगितीच्या छायेतील बांधकामे

उत्तर गोव्यातील हडफडे गावात डिसेंबर २०२५ मध्ये एका नाइटक्लबला लागलेल्या आगीत २५ जणांचा बळी गेला. मृतांत बहुसंख्य तिथेच राबणारे कामगार होते आणि अनेकजण तळघरात कोंडलेल्या धुराने गुदमरून दगावले. चिंचोळ्या वाटेमुळे अग्निशमन दलाचे बंब दूरच थांबवावे लागले. या बांधकामाविरुद्ध पंचायतीने पाडकामाचा आदेश काढला होता, परंतु अपिलात त्याला स्थगिती मिळाली होती, ही बाब सर्वाधिक अस्वस्थ करणारी आहे.

गोवा पंचायतराज अधिनियम, १९९४ नुसार गावातील बांधकामाला परवानगी देण्याचा आणि बेकायदा बांधकाम हटवण्याचा अधिकार पंचायतीकडे आहे. मात्र किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे भरतीरेषेलगतचा निर्बंधित पट्टा, वेगळ्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला तिसऱ्याच कार्यालयातून मिळतो. परिणामी प्रत्येक कार्यालय आपापल्या कागदापुरते उत्तरदायी राहते, आणि स्वतःचा अभियंता नसलेल्या पंचायतीवर सर्वांत अवघड काम येऊन पडते. अपिलाचा हक्क न्याय्यच आहे. तथापि पाडकामाला स्थगिती म्हणजे व्यवसायाला मुभा, असा अर्थ रूढ होणे घातक आहे. अपील प्रलंबित असताना, आपत्कालीन दरवाजे आणि बंब पोहोचेल इतका रस्ता प्रत्यक्ष तपासला जाईपर्यंत, अशा जागी गर्दी जमवण्यास मनाई असलीच पाहिजे.