राझींच्या बढाया पुरे. नवव्या महिन्याचा डोस कुठे आहे?

आपल्या समाजात वैद्यकशास्त्राचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात. जलशात अर-राझी आणि इब्ने सीना, मोबाईलवर लसीची अफवा. देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार आहेत हे राझींनी हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, असं वक्ता सांगतो आणि टाळ्या पडतात. त्याच टाळ्या वाजवणारे हात रात्री मेसेज पुढे ढकलतात की सरकारी सुईमुळे मुलांना पुढे मूल होत नाही. मला या दोन्हींत फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे अभ्यास दुसऱ्याने करायचा असतो.

न्यूमोकोकस या जिवाणूचं उदाहरण घ्या. १८८१ मध्ये तो फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांना वेगवेगळा सापडला. धडधाकट मुलांच्या नाकातही तो गुपचूप राहतो. फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणात गेला तर मेंदूज्वर. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं कवच असतं आणि या कवचाचे शंभरहून जास्त प्रकार आहेत. मोठ्या माणसाचं शरीर हे कवच ओळखून प्रतिपिंडं तयार करतं. दोन वर्षांखालच्या बाळाला ते नीट जमत नाही, आणि सर्वात जास्त धोका त्यालाच असतो. म्हणून शास्त्रज्ञांनी कवचाचा तुकडा एका प्रथिनाला जोडला. प्रथिन दिसताच बाळाची प्रतिकारशक्ती जागी होते आणि शत्रू लक्षातही ठेवते. शिवाय लस घेतलेल्या मुलाच्या नाकात ते प्रकार कमी टिकतात, त्यामुळे नातवाला दिलेला डोस दादीलाही वाचवतो. अमेरिकेत २००० पासून बाळांना ही लस मिळू लागली, तेव्हा वृद्धांमधला आजारही घटला.

हे कुणी सिद्ध केलं? पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया या मुस्लिमबहुल देशात १७ हजारांहून अधिक बाळांवर चाचणी झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लस घेतलेल्या बाळांमध्ये सगळ्या कारणांनी होणारे मृत्यू मिळून १६ टक्के कमी होते. दक्षिण आफ्रिकेत शब्बीर मढी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही असलेल्या व नसलेल्या मुलांमध्ये लस किती काम करते ते तपासलं. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ समीर साहा यांनी वर्षानुवर्षं आजारी मुलांच्या रक्ताचे आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्याचे नमुने तपासून दाखवलं की आपली मुलं नेमकी कशाने मरतात. २०१५ मध्ये बांगलादेशाने ही लस आपल्या कार्यक्रमात घेतली. मढींचं नाव कळलं की आपल्या ग्रुपवर अभिमानाचा मेसेज फिरेल, साहांचं कळलं तर फिरणार नाही. जिवाणूला या दोन नावांत काही फरक वाटत नाही.

‘प्रयोग आमच्यावरच का?’ असं विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो. सरकारी यादीत येण्याआधी कित्येक वर्षं हीच लस खासगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून मिळत होती. ती कुणाची मुलं घेत होती? डॉक्टरांची, कारखानदारांची, बंगल्यातली. विषासाठी कोणी स्वतःच्या मुलांना आधी रांगेत उभं करतं का? आपल्या देशात २०१७ मध्ये हिमाचल आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या काही जिल्ह्यांपासून ती फुकट मिळू लागली, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला २०२१ मध्ये आली. तक्रारच करायची तर ती उशिरा आली याची करा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या न्यूमोसिल या लसीला २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तिचीही मोठी चाचणी गांबियातच, २२५० बाळांवर झाली. त्या आयांनी बाळं पुढे केली म्हणून आपल्याला खात्री मिळाली.

जालना हे बियाण्यांचं गाव. आपल्याकडचा शेतकरी, मग तो भोकरदनचा असो की मंठ्याचा, पिशवीवरचा लॉट नंबर आणि उगवणक्षमता वाचल्याशिवाय पैसे देत नाही. मेसेजला मात्र कोणी विचारत नाही की बाबा, तुझा लॉट नंबर काय?

आता दुसरी बाजू, कारण सगळा दोष मोहल्ल्यावर टाकणं काहींना फार सोयीचं वाटतं. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा वस्तीच्या धर्माची चर्चा जास्त झाली, खोल्यांतल्या गर्दीची आणि कुपोषणाची कमी. आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने हे या लसीचे तीन टप्पे. नववा महिना भट्टीवर उजाडला तर तिथे नर्सताई येणार का? त्या आईला अडाणी म्हणण्याआधी तिची त्या दिवसाची मजुरी कोण भरणार ते सांगा. आणि ती आई कधी मुसलमान असते, कधी बंजारा, कधी दलित.

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. साहांच्या कामातून आपण एवढं तरी शिकावं की जिथे तपासणी होत नाही, तिथे आजार कागदावर नसतो, आणि कागदावर नसलेल्या आजारासाठी निधी येत नाही. या जिल्ह्यातल्या लेकरांच्या रक्तात कोणता जिवाणू सापडतो, त्याच्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेनासं झालंय, हे दरवर्षी जाहीर व्हायला हवं. समाजाच्या नेत्यांनी कमानीसाठी निवेदनं देण्याऐवजी यासाठी द्यावीत. आणि दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्या आपल्या मुलींचा सत्कार करून थांबू नये, त्यांच्या मायक्रोबायोलॉजीच्या फीचं बघावं.

राहिले आपले मौलाना आणि ट्रस्टी. मुंबईच्या प्लेगात, १८९७ साली, हाफकिन नावाच्या ज्यू शास्त्रज्ञाने लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा विशीतल्या आगाखान तिसऱ्यांनी चारचौघांत आपला दंड पुढे केला आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. त्यांनी त्या वेळी राझींवर भाषण ठोकलं नाही.

जुम्याच्या नमाजनंतर लसीकरणाची तारीख माईकवर सांगायला दोन मिनिटं लागतात. अकीक्याच्या दावतीत बकरा केवढ्याला पडला हे विचारतोच आपण, मग त्याच दमात बाळाचं कार्डही बघायला मागा. आणि नऊ महिन्यांचा रकाना कोरा असेल, तर मंगळवार-बुधवार न बघता दवाखान्यात विचारा की पुढचा दिवस कोणता.