थंड बॅग पाठीवर घेण्यापूर्वी

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी हा बेत मामाच्या गावापुरता किंवा फार तर शेगावच्या दर्शनापुरता असे. आता मुलांचा हट्ट असतो तो वॉटर पार्कचा. पुसद, दारव्हा, वणी, पांढरकवडा, कुठूनही पहाटे गाडी करून मंडळी निघतात आणि नागपूर-अमरावती रस्त्यावरील बाजारगावचे फन अँड फूड व्हिलेज गाठतात. ज्यांचे नातलग पुण्या-मुंबईकडे आहेत ते खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा बेत आखतात. या तयारीत अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे पाठीवर अडकवायची थंड बॅग. बाहेरून शाळेच्या दप्तरासारखी, आतून चांदीसारखी चमकणारी. "डॉक्टरसाहेब, ही बॅग घ्यावी का? आणि घ्यायची तर कोणती?" असा प्रश्न दवाखान्यात आता वरचेवर येतो.

प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटला तरी तो आरोग्याचाच आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवशी सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी दोनला उघडला जातो. मधल्या आठ तासांत डब्याचे काय होते, यावर संध्याकाळी मुले हसत घरी येतील की सलाईन लावायला दवाखान्यात, हे ठरते. दर उन्हाळ्यात असे एखाद-दुसरे कुटुंब माझ्याकडे येतेच. सगळ्यांना एकाच वेळी उलट्या, आणि विचारपूस केली की उत्तर ठरलेले : "घरचंच खाल्लं हो डॉक्टर, बाहेरचं काहीच नाही." घरचे खाल्ले हे खरे, पण ते कोणत्या अवस्थेत खाल्ले हे कोणी पाहिलेले नसते.

बॅग थंडावा तयार करीत नाही

पहिली गोष्ट ही लक्षात घ्यावी की बॅग म्हणजे फ्रीज नव्हे. तिच्यात यंत्र नाही. भिंतीतला फोम बाहेरची उष्णता आत शिरण्याचा वेग कमी करतो, एवढेच तिचे काम. थंडावा द्यायचा तो बर्फाने. गरम पुलाव भरला तर बॅग तो बराच वेळ कोमट ठेवील, आणि कोमट अन्न हेच जंतूंचे आवडते घर.

जंतूंची वाढ साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्याने होते. म्हणून शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाहेर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर हीच मर्यादा एका तासाची धरावी. आपल्या उन्हाळ्यात ३२ अंश तर सकाळी नऊच्या आतच होतात!

"पुन्हा गरम करून खाल्ले तर?" हा नेहमीचा प्रश्न. हातावरच्या फोडातून किंवा नाकातून अन्नात जाणारा स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू अन्नात विष तयार करतो. ते उकळूनही नष्ट होत नाही, आणि खाल्ल्यावर बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भातातल्या दुसऱ्या एका जंतूची बीजे तर शिजवूनही जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की वाढू लागतात. वास आणि चव मात्र बऱ्याचदा जशीच्या तशी असते.

पोलिओच्या पेटीकडून शिका

उत्तम थंड पेटी कशी असावी हे पाहायला मोठ्या शहरातल्या दुकानात जाण्याची गरज नाही. १९९५ साली देशात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. तेव्हापासून आपल्या आरोग्यसेविका खांद्याला एक छोटी पेटी अडकवून तांड्या-पोडांपर्यंत जाताना आपण पाहिल्या आहेत. त्या पेटीच्या भिंती जाड असतात, झाकण घट्ट बसते, आत चारही बाजूंनी बर्फाच्या चार चपट्या बाटल्या असतात आणि मधल्या जागेत लस. पेटी सारखी उघडायची नाही, उन्हात ठेवायची नाही, हा दंडक. भर उन्हात लस टिकते ती या साध्या शिस्तीवर.

बॅग घेताना हीच कसोटी लावावी. भिंत दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहा. कापडासारखी पातळ लागली तर आतल्या चकाकीला भुलू नका. फोम निदान एक सेंटिमीटर जाड असावा. आतले अस्तर अखंड, सांधे शिवलेले नसून चिकटवलेले असावेत, नाहीतर शिवणीतून पाणी झिरपते आणि तिथेच बुरशी धरते. चेन पूर्ण बंद होते का, कोपऱ्यात फट राहते का, ते पाहावे. पट्टे रुंद व मऊ असावेत. रंग फिका बरा, काळा रंग ऊन ओढून घेतो.

आकाराचा मोह आवरावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पंधरा लिटरच्या बॅगेत सहा बाटल्या, बर्फ आणि डबे भरले की आठ-दहा किलो सहज होतात. एवढे ओझे मोठ्या माणसाने उचलावे, मुलाच्या पाठीवर देऊ नये. चार माणसांच्या कुटुंबाला पंधरा लिटरची बॅग पुरते.

"२४ तास थंड" असे लेबल असते, पण किती बर्फ घालून आणि किती तापमानात, हे त्यावर नसते. त्यापेक्षा घरीच परीक्षा घ्या. किलोभर बर्फ पिशवीत बांधून बॅगेत घाला, बॅग घरातल्या गरम खोलीत ठेवा आणि बर्फ किती तासांनी संपला ते पाहा. सहलीला प्रत्यक्षात त्याहून कमी वेळ मिळेल हे गृहीत धरा.

बर्फाचा हिशेबही साधा आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. चार लिटर पाणी ३० अंशांवरून १० अंशांवर आणायला एवढीच लागते. म्हणजे साधे पाणी बॅगेत भरले तर बर्फाची सारी शक्ती ते थंड करण्यातच खर्च होते आणि डब्याला काही उरत नाही. म्हणून जे भरायचे ते आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये थंड करावे. निम्म्या बाटल्या गोठवून न्याव्यात. गोठताना पाणी फुगते, तेव्हा बाटली पाऊणच भरावी. याच बाटल्या बर्फाचे काम करतात आणि वितळल्यावर पिण्याच्या उपयोगी पडतात. थंड हवा खाली बसते, म्हणून बर्फ वर ठेवावा. रिकाम्या जागेत टॉवेल कोंबावा.

बाजारातला लादीचा बर्फ मात्र अन्नाला लागू देऊ नये. तो पुष्कळदा खाण्यासाठी केलेलाच नसतो. २०१८ साली महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे केले, ते याच कारणासाठी.

बॅग कोणासाठी?

माझे मत स्पष्ट आहे. धडधाकट माणसांच्या श्रीखंडासाठी आणि पनीरच्या भाजीसाठी हा खटाटोप करू नये. बॅगेची खरी गरज दोघांना आहे : इन्सुलिन घेणाऱ्याला आणि तान्ह्या बाळाच्या आईला.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण ३० अंशांच्या आत चार आठवडे चालते, पण आपल्या मे महिन्यात ३० अंश आणायचे कुठून? तेव्हा ते बॅगेतच हवे. मात्र ते बर्फाला चिकटवून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते, आणि वितळल्यावर ते पूर्वीसारखेच दिसले तरी टाकूनच द्यावे लागते. छोट्या डबीत, जाड रुमालात गुंडाळून मधोमध ठेवावे. याच भीतीने आरोग्यसेविकाही बर्फाची बाटली लगेच पेटीत घालत नाहीत. ती घामेजून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबतात. शिवाय उष्णतेत इन्सुलिन रक्तात लवकर भिनते आणि दिवसभर चालणे होते, म्हणून साखर एकदम उतरू शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी असावी, ती बॅगेच्या तळाशी नको.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, उन्हाळ्यात वरचे पाणीसुद्धा नको. आईने मात्र भरपूर पाणी प्यावे. काढून ठेवलेले दूध न्यायचे असेल तर ते बर्फात ठेवावे. पावडरचे दूध घरून कालवून नेऊ नये. उकळते पाणी थर्मासमध्ये आणि पावडर वेगळी न्यावी, ऐनवेळी कालवावे, कोमट करून पाजावे आणि उरलेले फेकून द्यावे.

बाकीच्यांसाठी आपल्या आजीची शिदोरीच बरी. दुधात भिजवलेली दशमी, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, लोणचे, फुटाणे, गुळपापडी. हे पदार्थ प्रवासाचेच, कारण त्यात पाण्याचा अंश कमी असतो आणि जंतूंना वाढायला पाणी लागते. काकडी, केळी, संत्री अखंड न्यावीत आणि खाताना कापावीत किंवा सोलावीत. दहीभात, खव्याची मिठाई, अंड्याचे पदार्थ, अंडे घातलेले मेयोनीज लावलेले सँडविच, हे घरीच राहू द्यावे.

पाण्याच्या बाबतीत कंजुषी नको. तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने सगळ्यांना पाणी द्यावे. पाण्यात डुंबणाऱ्या मुलांना घाम दिसत नाही, पण तो येतच असतो. थंड पाण्याने मुले आजारी पडतात ही समजूत खरी नाही. आजारी पाडते ते अशुद्ध पाणी. ओआरएसच्या एक लिटरच्या दोन पुड्या बरोबर ठेवाव्यात. गोड पेयांच्या खोक्यांवर ओआरएस हे नाव छापण्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, हे पाहूनच घ्यावे.

फाटकाशी अडलेली बॅग

आता उद्यानांच्या चालकांना दोन शब्द. अनेक ठिकाणी बाहेरचे अन्न आत नेऊ देत नाहीत. स्वच्छता आणि त्यांचा व्यवसाय, दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण फाटकावर अडवलेली बॅग जाते कुठे? ती जाते उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत. बंद गाडीचे आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी वाढू शकते. बाहेर ४३, तर आत ६० च्या पुढे. आतला बर्फ पाहता पाहता संपतो, आणि दुपारी पैसे वाचवायला मंडळी गाडीत येऊन तेच जेवण जेवतात. नियम स्वच्छतेसाठी, आणि परिणाम मात्र विषबाधेचा!

पिण्याचे पाणी, बाळाचे दूध आणि रुग्णाचे औषध यांना कोणत्याही फाटकावर अडवू नये. उद्यानात ठिकठिकाणी थंड व शुद्ध पाणी मोफत असावे. अडवलेल्या बॅगा ठेवायला फाटकाजवळ सावलीची खोली असावी, इन्सुलिनसाठी एक लहान फ्रीज असावा. तिकिटाचे दर पाहता ही अपेक्षा जास्त नाही. आपणही निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून काय आत नेता येते ते विचारावे, आणि इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांची चिठ्ठी खिशात ठेवावी. बॅग अडवलीच, तर औषध, बाळाचे दूध आणि पाणी आधी बाहेर काढून जवळ घ्यावे. गाडीत चार तास राहिलेला ओला पदार्थ कितीही आवडीचा असला तरी टाकावा.

बॅगेतल्या बर्फाचा आणखी एक उपयोग आहे, जो करण्याची वेळ कोणावर न येवो. कोणी भोवळ येऊन पडले, अंग भट्टीसारखे तापले आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी कांदा हुंगवत बसू नये. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा, बर्फ कापडात गुंडाळून काखेत, मानेला आणि जांघेत ठेवावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थोडक्यात, बॅग विकत घेण्याआधी आपल्याबरोबर कोण येणार आहे आणि डब्यात काय आहे, हे पाहावे. घरात इन्सुलिन किंवा तान्हे बाळ असेल तर जाड भिंतीची, लहान, हलकी बॅग जरूर घ्यावी आणि पोलिओच्या पेटीच्या शिस्तीने वापरावी. नसेल तर त्या पैशांत आणखी काही स्वच्छ बाटल्या घ्याव्यात, त्या रात्री गोठवाव्यात, ओल्या टॉवेलात गुंडाळाव्यात आणि दशमीचा डबा घेऊन सकाळच्या गारव्यात निघावे. दुपारी बारा ते चार सावली सोडू नये. बाकी मुलांना मनसोक्त डुंबू द्यावे, सुट्टी त्यांचीच आहे.