फेसाळलेल्या प्याल्याची ‘कारागिरी’

कोल्हापूरच्या गंगावेशीतील दुधाचा कट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. म्हशी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढली जाते आणि फेसाने काठोकाठ भरलेला पेला हातात पडतो. तालमीतून घाम गाळून आलेला पोरगा आणि नातवाचे बोट धरून आलेले आजोबा तिथे शेजारी शेजारी उभे राहतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान बांधले आणि या शहराला मल्लविद्येचे पंढरपूर केले. त्या परंपरेची संध्याकाळ अशी दुधाच्या पेल्यावर मावळते. फेसाळलेल्या पेल्याचे कोल्हापूरला वावडे नाही. प्रश्न आहे तो पेल्यात काय आहे याचा.

हे लिहिण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत आपल्या वर्तमानपत्रांच्या शनिवार-रविवारच्या पुरवण्यांत एक नवेच सांस्कृतिक वृत्त अवतरले आहे. अमुक ‘स्वतंत्र’ मायक्रोब्रुअरीने नवा हंगामी स्वाद आणला, तमुक बारमध्ये नळावर आता इतक्या प्रकारची बियर मिळते, फलाण्या तरुणाने गलेलठ्ठ पगाराची नोकरी सोडून ‘कारागिरी’चा मार्ग धरला! नाट्यसंगीताच्या मैफलीचे किंवा ग्रंथप्रकाशनाचे वृत्त द्यावे, त्या थाटात मद्यालयाचे वृत्त दिले जाते. महाराष्ट्रात या पंथाचा आरंभ २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने केला. पुढे तो मुंबईत पसरला. आज कोल्हापूर वाढते आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले आहे, नवा मध्यमवर्ग येतो आहे, नवी हॉटेले उभी राहत आहेत. पुण्यात जे रुळले, ते पंचगंगेच्या काठी येणार नाही असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून आताच विचार करायला हवा.

गौरवाचे शब्द आणि उधारीचा माल

प्रथम न्यायाची गोष्ट. बियर बनवण्यात कौशल्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. जवाला मोड आणून, भाजून, गरम पाण्यात त्यातील साखर उतरवायची, हॉप्सच्या फुलांसह ती उकळायची, मग यीस्ट घालून दिवसेंदिवस नेमक्या तापमानात आंबवायची, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मोठ्या कारखान्यांच्या एकसुरी मालाला कंटाळून ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्राहकांनी पारंपरिक एल वाचवण्याची चळवळ उभारली, तिला त्यांच्या समाजाच्या संदर्भात अर्थही असेल. परंतु तेथील शब्द येथे उचलून आणताना त्यांचा अर्थ तपासायला नको काय?

‘स्थानिक’ हा त्यातला पहिला शब्द. या बियरमधले स्थानिक काय? हॉप्सचे पीक महाराष्ट्रात होत नाही. भारतात ते घेण्याचे प्रयत्न हिमाचलातल्या लाहौलसारख्या थंड खोऱ्यापलीकडे फारसे गेले नाहीत. उत्तम प्रतीचे माल्ट आणि यीस्ट पुष्कळदा जर्मनी-बेल्जियमहून येते. उरले पाणी. तेवढे मात्र खरोखर आपल्या नदीचे, आपल्या धरणाचे! त्यात हापूसचा गर किंवा कोकमाचे आगळ घातले, की तो पदार्थ ‘मराठमोळा’ झाला अशी जाहिरात होते. पाश्चात्त्य कोटाला पैठणीचा काठ लावला, म्हणून तो पैठणी होत नाही.

‘कारागिरी’ हा दुसरा शब्द. कारागिरी पाहायची असेल, तर कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. हुपरीचा चांदीकाम करणारा कारागीर आहे, करवीरचा गुऱ्हाळवाला आहे, पिढ्यान्‌पिढ्या कातडे कमावून चप्पल शिवणारा आमचा बांधव आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन प्रदर्शनात ‘प्राडा’ने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे मिरवली, तेव्हा मूळ कारागिराचे नावसुद्धा घेतले नव्हते. ओरड झाल्यावर त्यांना श्रेय मान्य करावे लागले. ज्या पुरवण्यांना बियरच्या ‘कारागिरां’च्या मुलाखतींसाठी पानभर जागा सापडते, त्यांना हा चप्पल शिवणारा कारागीर मिलानमधून बातमी आल्यावरच आठवावा, याला काय म्हणायचे? त्याच्या मुलाने हा धंदा पुढे चालवावा की नाही, याची चिंता किती स्तंभलेखकांनी केली?

तिसरा शब्द ‘स्वतंत्र’. हे स्वातंत्र्य किती टिकते, ते अमेरिकेत पाहावे. शिकागोची गाजलेली छोटी ब्रुअरी ‘गूज आयलंड’ २०११ साली जगातल्या सर्वांत मोठ्या मद्यसमूहाने विकत घेतली. आपल्याकडेही १९१५ पासूनचा इतिहास सांगणाऱ्या ‘युनायटेड ब्रुअरीज’चे नियंत्रण २०२१ मध्ये डच ‘हायनेकेन’कडे गेले. छोट्याने चव लावायची, गिऱ्हाईक तयार करायचे आणि मोठ्याने ते आयते उचलायचे, हा या व्यवसायाचा रिवाजच आहे. मद्यपानाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम मात्र छोट्याच्या नावावर जमा होते.

‘बियर म्हणजे काही दारू नव्हे!’

आता सर्वांत घातक युक्तिवादाकडे वळू. ‘बियर सौम्य असते, ती दारू नव्हेच,’ असे आज सुशिक्षित घरांतूनही ऐकू येते. साधे गणित करू. ५ टक्के मद्यार्काच्या ५०० मिलिलिटर बियरमध्ये २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे बियरचा एक मोठा प्याला हा व्हिस्कीच्या दोन पेगांच्या बरोबरीचा झाला. ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी ८ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली, तर ती चार पेगांच्या घरात जाते! सौम्यता ही फक्त जिभेला जाणवते. यकृताला आणि मेंदूला ती कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जानेवारी २०२३ मध्ये याच संघटनेने निःसंदिग्धपणे सांगितले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. हे कोणा कर्मठ कीर्तनकाराचे मत नव्हे. ऊठसूट ‘विज्ञाननिष्ठा’ सांगणारी मंडळी येथे मात्र विज्ञानाकडे पाठ का फिरवतात?

काही विद्वान मग सोमरसाचा दाखला काढतात. प्राचीन काळी सुरा होती म्हणून ती आज वंद्य ठरते काय? प्राचीन काळी द्यूतही होते, आणि त्याचे फळ काय झाले ते घराघरातल्या आजीला ठाऊक आहे. ज्या स्मृतिकारांनी सुरेचा उल्लेख केला, त्यांनीच सुरापानाची गणना महापातकांत केली. दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

महसुलाची नशा

या प्रश्नात राज्यसत्तेचे वर्तन विशेष उद्वेगजनक आहे. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य हे तिजोरी भरण्याचे साधन केले. त्या धोरणाविरुद्ध १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी दारूबंदीची चळवळ उचलून धरली आणि स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे शांततेने उभे राहिले. सरकारला या निरोधनाचा राग आला, कारण घाव थेट महसुलावर होता. स्वराज्यात घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. अर्थात ज्या कायद्याच्या नावात दारूबंदी आहे, त्याच कायद्याखाली दारूचे परवाने दिले जातात!

आणि येथे आपल्या-परक्याचा भेद न करता बोलले पाहिजे. २७ जानेवारी २०२२ रोजी महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळी विरोधी पक्षात असलेल्या देवेंद्र फडणवीसांनी महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होऊ देणार नाही, असे ठणकावले होते. आपण सर्वांनी त्या भूमिकेचे स्वागत केले. पण पुढे काय झाले? ऑक्टोबर २०२३ मध्ये, बियरवरील कर जास्त असल्याने खप घटतो या तक्रारीवर, अभ्यासासाठी शासनाने समिती नेमली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवून १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव महसुलाची अपेक्षा धरली, तेव्हा बियर आणि वाईन त्या वाढीतून वगळली गेली. सोबत धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्गही निर्माण केला. सत्तेत कोण आहे हे पाहून आपली तत्त्वे बदलणार असतील, तर ती तत्त्वे नव्हेत. ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द २०२२ मध्ये जितका खरा होता, तितकाच तो आजही आहे, याची आठवण आपल्याच मंडळींना करून देणे हे स्वयंसेवकाचे काम आहे.

स्वातंत्र्य कोणाचे?

‘प्रौढ माणसाने काय प्यावे हा त्याचा वैयक्तिक प्रश्न आहे,’ हा शेवटचा बचाव. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये जे घडले, ते यावरचे उत्तर आहे. सतरा वर्षांचा मुलगा बारमधून बाहेर पडून आलिशान मोटार चालवतो आणि दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव जातो. महाराष्ट्रात बियरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे वयाची अट आहे. ती कागदावर आहे. चकचकीत दाराआड वय विचारायचे कोणी? मरण पावलेल्या त्या दोघांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा ‘वैयक्तिक प्रश्न’ कोणी विचारात घेतला होता?

संपूर्ण बंदीने विषारी दारूचा धंदा फोफावतो, हा आक्षेप मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. २०१५ साली मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने दगावली, आणि मुंबईत तर दारूची दुकाने खुली होती. म्हणजे परवाने वाटल्याने विषारी दारू थांबते, असेही नाही. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. अंमलबजावणी नीट होत नाही म्हणून कायदाच मोडीत काढायचा, हा न्याय चोरीच्या कायद्याला कोणी लावील काय? तरीही आपण येथे संपूर्ण बंदीची मागणी करत नाही. आपले म्हणणे याहून साधे आणि सहज करता येण्याजोगे आहे.

महाविद्यालये, वसतिगृहे आणि तालमी यांच्या परिसरात मायक्रोब्रुअरीला वा बारला नवा परवाना नको. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात संस्थेच्या ना-हरकतीशिवाय बियर वा दारूचे दुकान निघणार नाही, असे मार्च २०२५ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितले होते. हेच तत्त्व वस्तीतल्या बारलाही लावावे. प्रत्येक प्याल्यामागे किती ग्रॅम मद्यार्क पोटात जातो, हे पदार्थांच्या यादीवर किमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापले जावे. वयाचा दाखला न पाहता मद्य देणाऱ्याचा परवाना पहिल्याच गुन्ह्यात जावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे महिलांच्या मतदानाचे. २००८ च्या नियमांनी ‘आडव्या बाटली’साठी अट घातली ती अशी, की नोंदलेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई मजुरीला गेली, माहेरी गेली, आजारी पडली, तिचे मत आपोआप दारूच्या पारड्यात! आमदार-खासदार झालेल्या मतदानात पुढे राहिला की निवडून येतो. बाटली आडवी करू पाहणाऱ्या माउलीला मात्र न झालेल्या मतदानाशीही लढावे लागते. झालेल्या मतांचे बहुमत पुरेसे मानले जावे, ही मागणी प्रत्येक प्रभागातून उठली पाहिजे.

संध्याकाळ कोणाची?

पण नुसत्या मागण्यांनी समाज घडत नसतो. तरुण त्या बारकडे जातो, तो पुष्कळदा दारूच्या ओढीने जात नाही. त्याला मित्र हवे असतात, गप्पा हव्या असतात, दिवसभराच्या शिणवट्यानंतर चार घटका बसायला जागा हवी असते. ती जागा आपण दिली नाही, तर बाजार देईल, आणि तिचे मोल वसूल करील. वस्तीतले मैदान वाहनतळ झाले, वाचनालय ओस पडले, तालमीच्या मातीला पाणी मारायला कोणी उरले नाही, आणि मग आपण मुलांना बोल लावायचा, हे बरोबर नाही.

१९५२ साली हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव याच शहरातल्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासाच्या खर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले होते. एका पोराच्या भवितव्यासाठी घर गहाण ठेवणारे हे शहर आहे. आज कोणी घर गहाण टाकण्याची गरज नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना द्यायच्या आहेत. खेळात, वाचनात, गड चढण्यात, आणि येता येता गंगावेशीच्या कट्ट्यावर.

तिथला पेलाही फेसाळलेलाच असतो. तो रिकामा करून पोरगा आपल्या पायांनी, ताठ मानेने घरी येतो, आणि दार उघडणाऱ्या आईला त्याच्या तोंडाचा वास घ्यावा लागत नाही.