नसबंदीला ६०० रुपये, स्त्रीबीज जपायला शून्य

कॅन्सर झालेल्या तरुण मुलामुलींना आपल्याकडे बरंच काही विचारलं जातं. रेशनकार्ड कोणत्या रंगाचं, आधार लिंक आहे का, सोबत कोण थांबणार, रक्त द्यायला कोण येणार. पण केमोची पहिली सलाईन लागेपर्यंत एक प्रश्न कोणी विचारत नाही: पुढे तुला मूल हवं आहे का? आमच्या मते हा प्रश्न विसरला जात नाही. तो गरिबांना लागूच होत नाही, असं धरून चाललेलं असतं.

आधी वैद्यकीय बाजू. केमोथेरपीतली काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड आणि त्याच्या गटातली, कॅन्सरच्या पेशींसोबत अंडाशयातली स्त्रीबीजंही मारतात. ओटीपोटावरचं रेडिएशन तेच करतं. पुरुषात शुक्राणू तयार होणं कायमचं थांबू शकतं. सगळ्यांनाच असं होत नाही. वय, औषध आणि डोस यांवर ते ठरतं. पण जपायचं असेल तर ते उपचाराच्या आधीच जपावं लागतं. मुलाचं वीर्य गोठवायला एक-दोन दिवस पुरतात. मुलीला दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन स्त्रीबीजं काढावी लागतात, आणि त्यासाठी आता पाळीची वाट पाहावी लागत नाही. वयात न आलेल्या मुलीच्या अंडाशयाचा तुकडा काढून गोठवता येतो. रेडिएशन द्यायचं असेल तर छोट्या शस्त्रक्रियेनं अंडाशय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकवता येतात. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये एवढे दिवस थांबताच येत नाही, तिथे डॉक्टर नाही म्हणतील, हे मान्य. पण नाही म्हणायलाही आधी विषय निघावा लागतो. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ सालीच सांगून ठेवलं की ही चर्चा उपचाराआधी झाली पाहिजे.

हिंगणघाटकडची एक मुलगी आमच्या ओळखीची. बाविसाव्या वर्षी लिम्फोमा झाला, योजनेतून केमो झाली, बरी झाली. चोविसाव्या वर्षी पाळी बंद पडली, तेव्हा तिला कळलं की हे औषधामुळेही होऊ शकतं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे वेगळं घडलं असतं असं आम्हाला वाटत नाही. तिची आई आम्हाला म्हणाली, "जीव वाचला हेच लय झालं जी, लेकरायचं कोन पायते?" आईचं बरोबर आहे. पण मुलगी त्या वेळी काहीच बोलली नाही, आणि तिला कोणी बोलायला सांगितलंही नव्हतं. आता स्थळं येतात, आणि सांगायचं की लपवायचं यावर घरात भांडण होतं. गावात 'वांझ' हा शब्द अजून जिवंत आहे. तो बाईलाच चिकटतो, पुरुषाला नाही.

आता पैशाचं बोलू. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होतं. यानं हजारो घरं कर्जापासून वाचली आहेत, आम्ही स्वतः कागद धरून रांगेत उभे राहिलो आहोत. पण तिच्यासोबत राबवल्या जाणाऱ्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत जे मिळणार नाही त्याची यादी पाहा. प्रजननाशी संबंधित उपचार त्यात बसवले आहेत, सौंदर्यशस्त्रक्रियेच्या रांगेत! म्हणजे सरकारी पैशानं दिलेल्या औषधानं अंडाशय निकामी झालं तर ते उपचाराचा भाग, आणि ते वाचवणं मात्र चैन. खाजगीत स्त्रीबीज गोठवायला लाखाच्या पुढे खर्च येतो. सोयाबीन-कपाशीवाल्या घरानं तो कुठून आणायचा?

याच सरकारकडे दुसऱ्या एका कामासाठी पैसे आहेत. नसबंदी करून घेणाऱ्या बाईला वर्षानुवर्षं मोबदला मिळतो: दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ६०० रुपये, बाकीच्यांना २५०. बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून हा फरक आहे, असं सांगतात. असेलही. पण आमच्या बाईच्या गर्भाशयाची किंमत सरकारनं एकदाच ठरवली, तीही ते बंद करण्यासाठी.

इथे आपलेच काही मित्र म्हणतील, मूल हवंच कशाला, बाबासाहेब तर संततिनियमनाचे पुरस्कर्ते होते. होतेच. १९३८ साली मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला आणि सभागृहानं तो पाडला. पण त्याआधी दहा वर्षं, १९२८ मध्ये, गिरणी कामगार बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकावर बाबासाहेबांनीच भूमिका घेतली होती की बाळंतपणाच्या या खर्चाचा मोठा भाग सरकारनं उचलावा. दोन्ही भूमिका एकत्र वाचा. मूल नको म्हणायचा अधिकार बाईचा, आणि हवं म्हणाली तर तो तिचा एकटीचा खाजगी खर्च नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं मूल होऊ देण्या-न देण्याचा निर्णय कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यात धरला. मग उपचारापूर्वी तो निर्णय घेण्याची संधीच न देणं याला काय म्हणायचं?

दुसरा सल्ला दत्तकाचा. फुले दाम्पत्यानं यशवंतला दत्तक घेतलं, डॉक्टर केलं; आमच्यासाठी तो आदर्शच आहे. पण २०२२ च्या दत्तक नियमावलीत, दत्तक घेणाऱ्याला जीवघेणा आजार नसावा, अशी अट आहे. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला तिथेही आपण धडधाकट असल्याचं सिद्ध करावं लागतं. दत्तक ही निवड असावी, उरलेली एकमेव वाट नव्हे.

हे तंत्रज्ञान श्रीमंतांचं आहे, हाही गैरसमज. ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती मुंबईच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात. सोबत परळची सरकारी संशोधन संस्था होती. जनतेच्या पैशावर उभं राहिलेलं शास्त्र आज चौकाचौकातल्या फलकांवर हसऱ्या बाळाचे फोटो लावून विकलं जातं. सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन मेडिकल कॉलेजं असलेल्या आपल्या जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नाहीत असं कोणी म्हणणार नाही. यादीत पॅकेज नाही, ही अडचण आहे.

न्यायालयात हा विषय पोचला तो मात्र वेगळ्याच दारानं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं कॅन्सरनं वारलेल्या मुलाचं गोठवलेलं वीर्य आईवडिलांना द्यायला सांगितलं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच एका अविवाहित तरुणाचा नमुना, निकाल लागेपर्यंत जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्या तरुणानं अर्जावर, आपल्या मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा, असं निवडलं होतं. त्या आईचं दुःख आम्ही समजू शकतो, पण मुलानं लिहून दिलेल्या शब्दाचं काय? वंशाचा दिवा विझू नये म्हणून समाज जितक्या तळमळीनं बोलतो, तितकं जिवंत मुलीच्या अंडाशयाबद्दल बोललेलं आम्ही ऐकलं नाही. आमची मागणी वंशासाठी नाही. जी व्यक्ती आजारी आहे, तिच्या मर्जीसाठी आहे.

कायद्यातही भोक आहे. २०२१ च्या कायद्यात क्लिनिकनं सेवा देण्यासाठी २१ वर्षांच्या पुढची अट घातली. सतरा वर्षांच्या मुलाचं वीर्य कॅन्सरमुळे गोठवायचं तर ते या अटीत अडकतं का, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि हा प्रश्न फक्त कॅन्सरचा नाही. विदर्भात सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये आहे. सिकलसेलच्या मुलाला बोन मॅरो बदलायचा असेल तर आधी जी औषधं देतात, त्यांनीही हेच नुकसान होऊ शकतं.

आम्ही जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यायचं निवेदन तयार करतो आहोत. केमोच्या संमतिपत्रावर मराठीत एक ओळ, म्हणजे मूल होण्याच्या क्षमतेबद्दल सांगितलं का आणि कोणी सांगितलं. फुले योजनेत वीर्य आणि स्त्रीबीज गोठवण्याचं पॅकेज. नागपूरच्या शासकीय रुग्णालयात साठवणुकीची सोय. मुलीशी आईबापांना बाहेर बसवून एकदा बोलावं, हेही त्यात आहे. सह्या आधी केमो झालेल्यांच्या घेणार आहोत, पुढाऱ्यांच्या नंतर.