जुना स्कॅनर चालतो, पण त्यात आता ऐकू काय येतं?

मंडळी, गेल्या आठवड्यात इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. आपल्याच तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहेत. तिथे कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलंय, त्यात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक रेडिओ स्कॅनर आहे. सरांनी विचारलं, "पोलीस, फायर ब्रिगेड, विमानं, सगळं यावर ऐकू येतं म्हणतात. अजून चालत असेल का? घेऊ का?"

सरांना मी उत्तर पाठवलंय. पण विषय एका स्कॅनरपुरता नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटचा भाग आपल्याबद्दल आहे.

आधी एक सूचना. सर, हौस तिकडेच भागवा, येताना बॅगेत टाकू नका. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून बिनतारी यंत्र जवळ बाळगायलाच परवाना लागत आलाय. जुन्या लोकांना आठवत असेल, साध्या रेडिओचं लायसन्ससुद्धा पोस्टात जाऊन भरावं लागायचं. ते ऐंशीच्या दशकात बंद झालं. पण पोलिसांची वायरलेस ऐकणं आपल्याकडे आजही बेकायदेशीरच आहे. अमेरिकेत तसं नाही. तिथे घरात बसून स्कॅनर ऐकायला सर्वसाधारणपणे बंदी नाही. गाडीत बसवायचा असेल तर राज्याराज्यांत नियम वेगळे.

स्कॅनर म्हणजे काय? आपला रेडिओ एका स्टेशनवर लावला की तिथेच राहतो. स्कॅनर एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो. कुणी बोलताना सापडलं की थांबतो, बोलणं संपलं की पुढे सरकतो. त्यावरून बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं.

१९२८ साली डेट्रॉईटच्या पोलिसांनी गाड्यांमध्ये रेडिओ बसवले. ते एकतर्फी होते. ठाण्यातून सूचना यायची, गाडीतून उत्तर देता यायचं नाही. १९३३ मध्ये सर आत्ता आहेत त्याच न्यू जर्सीतल्या बेयॉन गावात दुतर्फी पोलीस रेडिओ सुरू झाला. पोलीस हवेतून बोलायला लागल्यावर लोक ऐकायला लागले, आणि त्यात आमच्या धंद्यातले लोक आलेच. 'वीजी' या नावाने गाजलेला न्यूयॉर्कचा फोटोग्राफर आर्थर फेलिग याने १९३८ मध्ये रीतसर परवानगी घेऊन स्वतःच्या गाडीत पोलिसांचा रेडिओ बसवून घेतला होता. रात्री कुठे आग लागो, अपघात होवो, खून पडो, हा पोलिसांच्या बरोबरीने तिथे हजर. पुढे अमेरिकेतल्या लहानमोठ्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत एका कोपऱ्यात स्कॅनर कुरकुरत असणं ही नेहमीची गोष्ट झाली.

आता सरांचा प्रश्न. उत्तर चार भागांत देतो.

१) जे अजून ॲनालॉग आहे ते जुन्या स्कॅनरवर छान ऐकू येतं. विमानाचे पायलट आणि कंट्रोल टॉवर आजही ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये जुन्याच एएम पद्धतीने बोलतात. स्कॅनरमध्ये तो पट्टा असला की झालं. बोटींचा संकटकाळचा चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, तोही तसाच. अमेरिकेच्या सरकारी हवामान रेडिओच्या सात फ्रिक्वेन्सी १६२.४०० ते १६२.५५० मध्ये चोवीस तास चालू असतात. वादळाचा इशारा त्यावरच येतो. हौशी हॅमवाले, रेल्वे, खेड्यापाड्यांतली अनेक स्वयंसेवी फायर ब्रिगेड यांचंही बोलणं मिळतं. २०१३ पासून तिथे बऱ्याच यंत्रणांना निम्म्या रुंदीचे चॅनेल सक्तीचे झाले, त्यामुळे जुन्या स्कॅनरवर आवाज जरा बारीक येतो. पण येतो.

२) दुसरी अडचण ट्रंकिंगची. पूर्वी प्रत्येक खात्याला ठरलेला चॅनेल असायचा. आता मोठ्या शहरांत बँकेच्या टोकनसारखा प्रकार आहे. जी खिडकी रिकामी होईल तिथे पुढचा नंबर जातो. कॉम्प्युटर ज्या क्षणी जो चॅनेल मोकळा असेल तो देतो. प्रश्न एका चॅनेलवर आणि उत्तर दुसऱ्यावर. साध्या स्कॅनरला ही पळापळ जमत नाही, त्यामुळे अर्धवट वाक्यं कानावर पडतात. ट्रंकिंग समजणारे स्कॅनर वेगळे येतात.

३) तिसरी डिजिटलची. अमेरिकेतल्या बऱ्याच पोलीस आणि फायर यंत्रणा आता 'पी २५' नावाच्या डिजिटल पद्धतीवर आहेत. आवाजाचे आकडे करून पाठवायचे आणि पलीकडे पुन्हा आवाज करायचा. जुन्या स्कॅनरला हे आकडे उलगडता येत नाहीत, नुसती घरघर ऐकू येते. यावर उपाय म्हणजे नवा डिजिटल स्कॅनर. त्याला काहीशे डॉलर पडतात. नाहीतर लॅपटॉपला लावायचा पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर.

४) चौथी एन्क्रिप्शनची, म्हणजे कुलपाची. इथे जुना काय, नवा काय, हजार डॉलरचा काय, कुठलाच स्कॅनर चालत नाही. किल्ली फक्त पोलिसांच्या सेटमध्ये असते.

म्हणून सरांना सांगितलं, विमानं आणि हवामान ऐकायला खुशाल घ्या, पोलिसांच्या आशेने घेऊ नका.

पहिल्या तिन्ही अडचणी थोडे पैसे टाकले की सुटतात. चौथी सुटत नाही, कारण ते कुलूप ठरवून लावलेलं असतं. पुष्कळ लोक डिजिटल आणि कुलूपबंद यांत गल्लत करतात. डिजिटल असूनही उघडं ठेवता येतं. "तंत्रज्ञान बदललं, त्याला आम्ही काय करणार" असं एखादा अधिकारी म्हणाला, तर तो निर्णयाची जबाबदारी यंत्रावर ढकलतोय असं समजावं.

कुलपाच्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही का? आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. पोलीस रेडिओवर लोकांची नावं, पत्ते, लायसन्स नंबर उच्चारले जातात. बलात्काराच्या तक्रारीतला पत्ता गावभर कशाला ऐकू जावा? शिवाय ऐकणारे सगळे शहाणे नसतात. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव संशयित म्हणून सोशल मीडियावर पसरलं. "स्कॅनरवर ऐकलं" असा हवाला दिला जात होता. तो पोरगा पूर्ण निरपराध होता. त्याच्या घरच्यांनी काय भोगलं असेल, कल्पना करा.

आणि आपल्याला तर बोस्टनपर्यंत जायचीही गरज नाही. २६/११ ला टीव्हीवर कमांडो कारवाईचं थेट प्रक्षेपण चालू होतं, आणि सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार तेच बघून अतिरेक्यांना सूचना देत होते. २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावरून माध्यमांना चांगलंच सुनावलं होतं. त्यामुळे चालू कारवाई कुलपात असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

प्रश्न पुढचा आहे. कारवाई संपल्यावर काय? आणि ज्यात कसलीच कारवाई नसते, त्याचं काय? घराला आग, घाटात उलटलेला टँकर, पुलावर आलेलं पाणी, हे का कुलपात?

अमेरिकेत यावर सध्या जोरात भांडण चालू आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपले चॅनेल टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. शिकागोने २०२२ मध्ये मधला मार्ग म्हणून लोकांना ३० मिनिटं उशिरा ऐकवायचं ठरवलं. कोलोरॅडो राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला, की सगळं संभाषण कुलपात टाकणाऱ्या यंत्रणेने पत्रकारांना ते कसं मिळेल याचं धोरण ठरवलं पाहिजे. मला सगळ्यात आवडलं ते कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावाचं. राज्य सरकारने खासगी माहिती जपायला सांगितल्यावर तिथल्या पोलिसांनी २०२१ च्या जानेवारीत सगळंच बंद करून टाकलं. लोक ओरडले, पत्रकार ओरडले. २०२२ मध्ये पोलिसांनी चॅनेल पुन्हा उघडले. नाव, पत्ता, लायसन्स नंबर अशी खासगी माहिती फोनवरून किंवा गाडीतल्या कॉम्प्युटरवरून घ्यायची आणि बाकीचं रेडिओवर, असं ठरलं. आभाळ कोसळलं नाही.

आता आपल्याकडे या.

आपला कान कुणी बंद केला नाही, कारण तो कधी उघडाच नव्हता. आमच्याकडे काय आहे? पोलिसांचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येतो. सकाळी प्रेस नोट येते: अमुक इसम, तमुक कलम, इतका मुद्देमाल, आणि शेवटी सदर कामगिरी कोणाच्या मार्गदर्शनाखाली झाली त्यांची नावं. कॉल किती वाजता आला आणि गाडी किती वाजता पोचली, हे त्या नोटमध्ये मी कधी वाचलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या भागात आवई उठली की धरणाचे सगळे दरवाजे उघडले. रात्री साडेअकरा ते दोन मला चाळीसेक फोन आले असतील. नदीकाठची माणसं म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन रस्त्यावर. कंट्रोल रूमचा नंबर बिझी. ग्रुपवर शांतता. "अफवांवर विश्वास ठेवू नये" हा मेसेज आला सकाळी नऊ वाजता. अरे, पण विश्वास ठेवायला दुसरं दिलं काय होतं रात्री? खरी बातमी वेळेवर आली नाही की तिची जागा अफवा घेते. याला कुठल्याही संशोधनाची गरज नाही, नदीकाठच्या कुठल्याही गावात विचारा.

वायरलेसच्या नोंदी लोकांच्या का असतात, याचं एक उदाहरण महाराष्ट्राने पाहिलंय. शहीद अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकारात २६/११ च्या रात्रीच्या मुंबई कंट्रोल रूमच्या नोंदी मिळवल्या. त्या रात्री कोणी, किती वाजता, काय मदत मागितली, याचा शोध त्यांना कागदावरून घ्यावा लागला. त्यावर त्यांनी २००९ मध्ये पुस्तक लिहिलं. एका शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला जर अर्ज करून हे मिळवावं लागत असेल, तर अपघातात पोरगा गेलेल्या आपल्या गावच्या बापाने ॲम्ब्युलन्सला उशीर का झाला हे कुणाला विचारायचं?

म्हणून माझ्या मागण्या, साध्या आणि बिनखर्चाच्या:

एक. कंट्रोल रूमला आलेल्या कॉलची रोजची यादी दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर टाका. वेळ, गाव, कॉलचा प्रकार, मदत पोचल्याची वेळ. नावं नकोत, नंबर नकोत. महिला आणि बालकांवरचे गुन्हे वगळा.

दोन. पूर, आग, गॅस टँकर अशा वेळी दर अर्ध्या तासाने एक अधिकृत मेसेज. "परिस्थितीत बदल नाही" एवढा असला तरी चालेल. रात्रीसुद्धा.

तीन. मोठ्या दुर्घटनेच्या वायरलेस नोंदी ठरावीक काळ जपून ठेवा आणि प्रसंग संपल्यावर मागणाऱ्याला द्या. तपासाला खरोखर बाधा येत असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये नकार देण्याची सोय आहेच. पण नकाराचं कारण लेखी द्या.

चार. त्या ग्रुपवर दिवसातून निदान एक तास प्रश्न विचारायची मुभा द्या.

"असं कुठे असतं का?" म्हणणाऱ्यांसाठी: एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, संवेदनशील गुन्हे वगळा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच दिलाय. तेव्हाही तपास बुडेल अशी भीती होतीच. एफआयआर जर उघडी ठेवता येते, तर कॉलची वेळ सांगायला काय हरकत आहे?

पोलिसांविषयी मला राग नाही. पुरात छातीभर पाण्यात उतरलेले शिपाई मी डोळ्यांनी पाहिलेत. उलट नोंदी उघड झाल्या तर दोन माणसांच्या बळावर चाळीस गावं सांभाळणाऱ्या बीटचं दुखणंही लोकांना कळेल. गाडी उशिरा का पोचली याचं उत्तर बऱ्याचदा "गाडीच एक होती" असं निघेल. ते कळणं पोलिसांच्याच फायद्याचं आहे.

या सोमवारी वरच्या चार मागण्यांचं निवेदन जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात देतोय. सोबत मागच्या सहा महिन्यांतल्या कॉलच्या वेळा आणि मदत पोचण्याच्या वेळा यासाठी माहिती अधिकाराचा अर्जही टाकतोय. जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं इथे टाकेन, नकार आला तर नकारही.

तुमच्या गावात पूर, आग किंवा अपघाताच्या वेळी खरी माहिती किती वेळाने आणि कुठून मिळाली, ते कमेंटमध्ये लिहा. तारीख आणि वेळ आठवत असेल तर जरूर लिहा, निवेदनाला जोडता येईल. फक्त कुणाचं नाव, नंबर टाकू नका.